तळ्याच्या ग्रुपमधे नवीन आलात? मग हे आधी वाचा

पाषाण तलावावर रविवारी सकाळी काम करणारा आमचा एक छोटा ग्रुप आहे, आणि सारखं कोणी ना कोणी नवीन येतं, तेच प्रश्न विचारतं, तेच आम्ही चहा पिता पिता परत सांगतो, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. तुम्ही कात्रजला, जांभूळवाडीला नाहीतर मॉडेल कॉलनीतल्या लकाकी तळ्याजवळ राहत असाल तरी यातलं बरंचसं तिथे लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. येणारे जवळपास सगळे "तळं स्वच्छ करायला" येतात, हातात ग्लोव्हज घालूनच येतात, आणि दिसेल ते हिरवं उपटायला लागतात. आमच्याकडे पहिले काही महिने शिकायचं असतं ते म्हणजे काय काढायचं नाही. हे ऐकून काही जण नाराज होतात, दोन रविवार येऊन गायब होतात. हरकत नाही. जे टिकतात त्यांच्यासाठी हे पुढचं.

पायरी पहिली : पाणी कुठून येतं ते बघून या

तळ्यावर यायच्या आधी एक दिवस गाडी काढा आणि वरच्या अंगाला जा. पाषाण तलाव हा काही आपोआप तयार झालेला नाही, रामनदीला बांध घालून ब्रिटिशांच्या काळात केलेला आहे. रामनदी खाटपेवाडीकडून निघते, भुकूम, भूगाव, बावधन करत तळ्यात येते, आणि पुढे सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. म्हणजे बावधनच्या एखाद्या सोसायटीचं सांडपाणी नाल्यात सोडलं गेलं की ते कोणाकडे येतं? आपल्याकडे. हे डोळ्यांनी एकदा बघितलं ना, की "तुम्ही लोक एवढे वर्षं जलपर्णी काढताय तरी ती संपत का नाही" हा प्रश्न तुम्ही विचारत नाही, उलट दुसऱ्या कोणी विचारला तर तुम्हीच उत्तर देता.

कात्रजचा तलाव तर नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, तिथून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं होतं, लोक ते पाणी प्यायचे. आज कोणी हिंमत करेल का? तर असो.

पायरी दुसरी : पहिले काही रविवार नुसतं बघा

सकाळी साडेसहाला या, थंडीत सातला चालेल. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, भडक पिवळा-लाल टीशर्ट नको कारण पक्षी लांबूनच उडतात. बूट बंद, सँडल अजिबात नाही. टोपी, पाण्याची स्टीलची बाटली, एक छोटी वही आणि पेन्सिल. पेन्सिलच आणा, दवाने आणि ओल्या हाताने पेनाची शाई पसरते. दुर्बीण लगेच विकत घेऊ नका हो, सेल लागलाय म्हणून लोक कायच्या काय घेऊन येतात, ग्रुपमधे दोन-तीन जणांकडे आहे ती वापरून बघा, मग घ्यायचीच असेल तर ८×४२ ची घ्या (आठपट मोठं दिसतं, पुढची काच ४२ मिलिमीटरची).

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना ते घरी विचारून या. बहुतेकांना आठवतच नाही.

पहिल्यांदा ओळखायला सोपे पक्षी आधी घ्या. हळदीकुंकू बदक वर्षभर असतं, चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाला लागून लाल ठिपका. वारकरी काळा कुळकुळीत, कपाळ पांढरं. टिबुकली एवढीशी, बघता बघता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते, नवीन माणूस तीच टिबुकली तीनदा मोजतो. जांभळी पाणकोंबडी पाणकणसात (काठावरच्या पाण्यातलं उंच गवत) फिरताना दिसेल, शेपटी वर करत करत. खंड्या, पाणकावळे, वंचक (छोटा तपकिरी बगळा) हे तर आहेतच. सप्टेंबर-ऑक्टोबरात धोबी पक्षी दिसायला लागले की पाहुण्यांचा सीझन सुरू झाला समजायचं, मग थापट्या वगैरे बदकं थंडीत येतात, मार्चपर्यंत बहुतेक परत जातात.

शेकाट्याबद्दल मात्र सांगतो. लांब गुलाबी पायांचा, काळा-पांढरा, फोटोत फार भारी दिसतो, आणि थवेच्या थवे दिसले की नवीन मंडळी खूश होतात की बघा तळं किती छान आहे. तो घाण पाण्यात पण मजेत राहतो. मुळा-मुठेच्या काठावर जाऊन बघा, सांडपाण्यात उभे असतात. त्यामुळे "पक्षी खूप" आणि "पाणी चांगलं" हे दोन वेगळे मुद्दे आहेत, कोणते पक्षी वाढले आणि कोणते कमी झाले हे बघायला लागतं, आणि त्याच्यासाठीच पुढची पायरी.

पायरी तिसरी : नोंदवही

सगळ्यात कंटाळवाणं काम आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. तारीख, वेळ, हवा, पाण्याची पातळी, रंग, वास, पक्षी, आणि कोणत्या नाल्यातून काय येतंय. बास. दर वेळी त्याच जागांवरून, साधारण त्याच वेळेला. पाण्यातल्या ऑक्सिजनचं पण रीडिंग घेतो, पण एक दिवस सकाळी आणि एक दिवस दुपारी घेतलेलं शेजारी शेजारी ठेवून काही उपयोग नाही, कारण तो दिवसभरात खूप वर-खाली होतो. हिरव्यागार पाण्यात दुपारी शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं तेव्हा रीडिंग एकदम मस्त येतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मासे जगायला लिटरला निदान ४ मिलिग्रॅम तरी ऑक्सिजन लागतो असं धरतात. म्हणून आम्ही पहाटेचंच घेतो.

पाणी किती गढूळ आहे हे मोजायला महागडं काही लागत नाही. २० सेंटीमीटरची स्टीलची ताटली घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधे भोक पाडून दोरी बांधा, दोरीवर दर १० सेंटीमीटरला खूण, आणि खाली एक वजन. ताटली दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडायची आणि खोली लिहायची. इटलीतल्या अँजेलो सेकी नावाच्या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मधे ही पद्धत काढली आणि जगभर अजून तीच चालते. मात्र हे काठावरच्या पक्क्या जागेवरूनच करायचं. पाण्यात उतरायचं नाही. परत लिहितो, पाण्यात उतरायचं नाही, वरून घट्ट दिसणारा गाळ कमरेपर्यंत आत घेतो आणि त्या पाण्यात काय काय मिसळलंय ते तुम्ही पहिल्या पायरीत बघून आलाय.

पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर (पक्षीनोंदींचं ॲप आणि वेबसाइट) टाका, फुकट आहे. थवा मोठा असेल तर एकेक मोजत बसू नका, दहाचा एक घास डोळ्यांनी धरायचा आणि असे किती घास आहेत ते मोजायचं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, त्याच्या आधी हा सराव झालेला बरा.

पायरी चौथी : जलपर्णी

आता ज्याच्यासाठी सगळे येतात ते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट हे तिचं खत, साबण-डिटर्जंट सगळं त्यातच आलं. उबदार हवेत आणि अशा पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. म्हणजे एक रोप सोडून दिलं तर बारा आठवड्यांत चौसष्ट. शिवाय बी तळाच्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतं. त्यामुळे "एकदा मोठी मोहीम करू, तळं मोकळं करू, हार घालू, फोटो काढू" याने काही होत नाही, मागे राहिलेला एक कोपरा पुरतो.

ओळख नीट करून घ्या आधी. पानाचा देठ फुगलेला, दाबला की स्पंजसारखा, मुळं पाण्यात लोंबणारी, काळपट जांभळी आणि पिसासारखी. फूल फिक्कट जांभळं, दिसायला सुंदर, आणि म्हणून लोक ते टेरेसवरच्या टबात लावायला घरी नेतात, कृपा करून नेऊ नका. पाणकणीस म्हणजे जलपर्णी नाही. कुमुदाची पानं म्हणजे जलपर्णी नाही. ती राहू द्या. काठावर गुलाबी-जांभळ्या कर्ण्यासारख्या फुलांचं बेशरम दिसतं, ते बाहेरचं आहे, ते काढायचं, पण कधी ते खाली सांगतो.

काढायची पद्धत अशी. काठावरून लांब दांड्याच्या दाताळ्याने किंवा दोरीला बांधलेल्या हुकाने ओढायची, होडीत जायचं असेल तर लाइफ जॅकेट घालून आणि होडी चालवणाऱ्या माणसाबरोबरच. ओढलेलं रोप लगेच ढिगात फेकायचं नाही. मुळं पाण्यातच दोन-तीनदा हलवायची, मग पाण्याला अगदी लागून अंथरलेल्या जाळीवर पसरून ठेवायचं थोडा वेळ. बसा तिथे आणि बघा काय होतं. त्या मुळांच्या गुंत्यातून आधी बारके झिंगे टुणटुण उडतात, मग गोगलगाई, बोटाच्या पेराएवढे मासे, बेडकांची पिल्लं, आणि चपटे मातकट किडे सरपटत पाण्याकडे निघतात, ते चतुर आणि टाचण्यांची (चतुरासारखेच पण बारीक किडे) पिल्लं. मोठे झाल्यावर हेच चतुर डास खातात, आणि पाण्यात असताना डासांच्या अळ्या खातात. म्हणजे जेसीबीने ट्रकभर जलपर्णी उचलून डेपोत टाकली की डास कमी व्हावेत म्हणून केलेल्या कामात डास खाणारेच ट्रकमधून जातात. मशीन नकोच असं मी म्हणत नाही, एवढं मोठं तळं हाताने होणार नाही, पण मशीन चालू असेल तेव्हा आपलं एक माणूस ढिगापाशी उभं असलं तरी खूप फरक पडतो.

निथळलेली जलपर्णी काठावर ठेवायची नाही, ती कुजते आणि सगळं खत परत पाण्यात. काठापासून लांब, उतार पाण्याकडे नसेल अशा ठिकाणी. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं तिच्यात, चार दिवसांत ढीग एवढासा होतो, मग उचलायला सोपा. खत करा, पण बागेतल्या फुलझाडांसाठी, भाजीपाल्याला नको, कारण जलपर्णी पाण्यातले जड धातू पण शोषून घेते. औषध मारून जाळून टाकू असं कोणीतरी सुचवतंच दर वर्षी. मेलेली जलपर्णी तळाला जाऊन कुजते, कुजताना ऑक्सिजन ओढते आणि मासे मरतात. नाही.

आणि सगळी काढायची नाही, निदान पावसाळ्यात नाही. जून ते सप्टेंबर कमळपक्षी, पाणकोंबडी, टिबुकली तरंगत्या झाडोऱ्यावर घरटी करतात. कमळपक्ष्यांत तर अंडी नर उबवतो, मादी दुसरा नवरा बघायला मोकळी. बेशरमच्या झुडपात पण त्या दिवसांत वंचक वगैरे असू शकतात, म्हणून ते पण नंतर. आम्ही जोरात काम करतो ते फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत, आणि तेव्हा पण पट्ट्या-पट्ट्यांनी, एक पट्टा मोकळा केला की दोरी-बांबूचा अडसर लावायचा म्हणजे वाऱ्याने बाकीची सरकून परत तिथेच येत नाही.

कचरा

यात शिकवण्यासारखं फार नाही. ग्लोव्हज घाला, काच चिमट्याने उचला, बाटलीत हात घालू नका. मासेमारीची तुटलेली नायलॉन दोरी दिसली की आधी ती, बाकी सगळं नंतर, पाणकावळ्याच्या पायात ती गुंतली की संपलं. निर्माल्याची पिशवी सापडली तर फुलं वेगळी, प्लॅस्टिक वेगळं. गणपतीत मूर्ती तळ्यात नको, महापालिका हौद ठेवते, तिथे घेऊन जा असं आम्ही काठावर उभं राहून सांगतो, त्या दिवसांत जेवढी माणसं येतील तेवढी कमीच.

काठावर झाडं लावायचा उत्साह

कोणाचा तरी वाढदिवस असतो, कंपनीचा काहीतरी दिवस असतो, आणि शंभर रोपं घेऊन टेम्पो येतो. नम्रपणे परत पाठवायचा. तळ्याचा उथळ, उघडा, चिखलाचा काठ हा रिकामा नसतो, टिटवी, शेकाट्या, धोबी यांचं खाणं तिथेच असतं, त्यावर झाडं लावली की ती जागा गेली. बांधावर तर मोठी झाडं अजिबातच नको, मातीच्या बांधात मुळं शिरली की पाणी झिरपायला वाटा होतात. लावायचंच असेल तर काठापासून मागे, आणि आपली झाडं, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, ओढ्याकाठी वाळुंज. गिरिपुष्प आणि सुबाभूळ आधीच भरपूर झालंय.

"सुशोभीकरण" असा फलक कुठे लागलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. काँक्रीटचा काठ, रंगीत दिवे, कारंजं. गाळ काढणं पण असंच, गाळ काढायला हवाच, पण सगळीकडून सरळ खोल खणून तळ्याची बादली केली की उथळ पाण्यात चालणारे पक्षी उभे कुठे राहणार? काठाचा उतार तसाच ठेवून मधे खोल करा, हे काम सुरू व्हायच्या आधी लेखी द्यावं लागतं, नंतर नाही.

पायरी पाचवी : लोकांशी बोलणं

हे जमलं तर बाकी सगळं सोपं. आजी नातवाला घेऊन माशांना कणकेचे गोळे टाकायला येतात, वर्षानुवर्षं, पुण्य म्हणून. त्यांच्यावर डाफरू नका. "आजी, हे खाऊन उरतं ते कुजतं आणि मग पाणी खराब होतं, त्यापेक्षा बाळाला दुर्बिणीतून पक्षी दाखवू का?" असं म्हटलं की दहातल्या सात-आठ जणी ऐकतात, बाळ तर कायमचं आपलं. आमच्यातल्या एका काकांनी पुणेरी पाटी केली होती, "येथील माशांची जेवणाची सोय झालेली आहे. कृपया घरून डबा आणू नये." ती चोरीला गेली, बहुतेक कोणाला तरी फारच आवडली.

घरातलं फिशटँक बंद करताना मासे, लाल कानाचं कासव तळ्यात सोडणारे पण असतात, दया म्हणून. ते बाहेरचे प्राणी आपल्या माशा-कासवांच्या तोंडचा घास काढतात, हे शांतपणे सांगायचं आणि कासव कोणी दत्तक घेतं का ते बघायचं. डासांसाठी म्हणून गॅम्बुसिया मासे सोडायचं पण कोणीतरी सुचवतं, तेच उत्तर, ते स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लं खातात.

आणि गळ टाकून बसणारे, जाळं टाकणारे जे जुने लोक आहेत त्यांच्याशी दोस्ती करा. कोणता नाला कोणत्या वारी रात्री काळा होतो, कुठे झरा आहे, आधी कोणते मासे मिळायचे आणि आता नुसता चिलापीच (टिलापिया, बाहेरून आणलेला मासा) का मिळतो, हे त्यांना माहिती आहे, तुमच्या ॲपला नाही.

फोटोवाल्यांसाठी : घरट्याच्या जवळ जायचं नाही, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, ड्रोन नाही, घरट्याचं लोकेशन टाकायचं नाही.

पायरी सहावी : तक्रार अशी करायची की तिचं काहीतरी होईल

एका तक्रारीत एकच गोष्ट. "तळ्याची दुरवस्था" अशी तक्रार ह्या खात्यातून त्या खात्यात फिरते, ड्रेनेजवाले म्हणतात उद्यानवाल्यांचं, उद्यानवाले म्हणतात पर्यावरणवाल्यांचं. "अमुक पुलाखाली डाव्या बाजूच्या पाइपमधून फेसाळ काळं पाणी, तारीख, वेळ, फोटो, लोकेशन" अशी तक्रार कोणाची ते लगेच कळतं. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर टाका, टोकन नंबर नोंदवहीत लिहा, आठवड्याने परत विचारा. कारखान्याचं किंवा मोठं सांडपाणी वाटलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पण पाठवा. उत्तरच नाही आलं तर माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, त्यावर कोणीतरी भाषण देईल, पण एक बारीक मेख लक्षात ठेवा, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे आपल्यासारख्या बांध घातलेल्या तळ्यावर वाद घालायला समोरच्याला जागा मिळते. त्यामुळे नुसता नियमावर भरवसा ठेवू नका, पक्ष्यांच्या आणि पाण्याच्या नोंदी कामाला येतात त्या इथे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे मरून वर आलेले दिसू शकतात, नाल्यात साचलेली सगळी घाण एकदम येते आणि तळाचा गाळ ढवळतो. घाबरू नका, हात लावू नका, कोणाला खायला नेऊ देऊ नका. वेळ लिहा, फोटो काढा, साधारण किती आणि कोणत्या काठाला ते लिहा, आणि त्याच सकाळी कळवा, दुपारी पुरावा घारी आणि कावळे खाऊन टाकतात.

तब्येतीचं थोडक्यात

हातापायाला जखम असेल त्या दिवशी चिखलाचं काम नाही, नोंदीचं करा. काम करून गेल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग फार दुखायला लागलं तर डॉक्टरांना तळ्यावर जाता हे आवर्जून सांगा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातून होणारा आजार) विचार त्यांना करता येईल. साप दिसतोच. बहुतेक वेळा पाणदिवड असते, चिडकी पण बिनविषारी, पण काठावरच्या गवतात घोणस पण असते आणि नवीन माणसाला फरक कळणार नाही, म्हणून जागच्या जागी थांबायचं, मागे व्हायचं, जाऊ द्यायचं. अडकलेला असेल तर वनखात्याचा १९२६. चावला तर चिरा, दोरी, मंत्र काही नाही, १०८ ला फोन आणि सरळ हॉस्पिटल.

ग्रुपचे नियम

व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग नाही, राजकारण नाही, विकायच्या फ्लॅटची जाहिरात नाही. येणार असाल तर शनिवारी रात्रीपर्यंत हात वर करा, कारण ग्लोव्हज आणि पोहे त्याप्रमाणे आणले जातात. येणार नसाल तरी चालतं, पण नोंदवही ज्याच्याकडे आहे त्याने मात्र यायचं किंवा वही दुसऱ्याकडे पोचवायची. घर बदलताय, परगावी चाललाय, तर वही, सेकीची ताटली आणि ॲपवरच्या उघड्या तक्रारींचे टोकन नंबर हे तिन्ही कोणाकडे दिलं ते ग्रुपवर टाका आणि मग सामान बांधा.